अस्नाके घड्याळजीची आपोआप फी

आमच्या देब्रे बिरहानात थंडी अशी की सकाळच्या वेळी माणूस ओळखायचा तो आवाजावरून, बाकी सगळा ऐवज जाड सुती गबीत गुंडाळलेला असतो. अशाच एका सकाळी, मेस्केरेम महिन्याच्या पाच तारखेला, अस्नाके घड्याळजी लेकीची फी भरायला शाळेच्या खिडकीसमोर दोन तास उभा राहिला. पायाचे अंगठे आहेत की गेले हे कळेनासं झालं, तेव्हा रांगेतच त्याने ठरवलं, बस्स झालं. यापुढे फी आपोआप जाणार.

ठरवण्यात काही चूक नव्हती. चूक झाली ती पुढे, अस्नाकेने त्यात स्वतःचं डोकं घातलं तेव्हा.

अस्नाके गावातला एकुलता एक घड्याळजी. वेळेच्या बाबतीत आपल्याला कोणी शिकवू नये, असं त्याचं म्हणणं. (गिऱ्हाइकाने घड्याळ टाकलं की तो 'उद्या' म्हणायचा, आणि तो उद्या कधीकधी पावसाळा ओलांडून यायचा. पण ती वेगळी गोष्ट. तो धंदा झाला.) दुकानात येणाऱ्याला तो घड्याळाआधी व्याख्यान द्यायचा. "आपले महिने तेरा, फिरंग्यांचे बारा. आपली पहिली तारीख उजाडते तेव्हा त्यांची अकरावी असते. सूर्य उगवला की आपले बारा वाजतात, त्यांचे सहा. हे डोक्यात ठेवलं तर माणूस जगात कुठेही फसणार नाही!"

त्या संध्याकाळी त्याने बँकेचं अ‍ॅप उघडलं. डोळ्याला भिंग लावलं. (अक्षर मोठं होतं, पण भिंगाशिवाय त्याला गंभीर वाटत नसे.) अ‍ॅपने विचारलं, पुढच्या महिन्यापासून दर महिन्याच्या कोणत्या तारखेला पैसे पाठवायचे?

"पहिली टाका," बायको यशी शिरोचं पिठलं ढवळता ढवळता म्हणाली. "पाचच्या आत पोचायला हवेत ना?"

"पहिली टाका म्हणे! अगं, फोन कुठून आला? परदेशातून. मग त्याच्या पोटातला महिना कुणाचा? आपली पहिली म्हणजे त्याची अकरावी. दहा मिळवायचे. नेहमी दहा मिळवायचे!" आणि त्याने ऐटीत अकरा टाकले.

"किती शिकलेत हो तुम्ही!" यशी मनापासून म्हणाली. ते वाक्य पुढे दोघांनाही महागात पडलं.

पुढचा तिकिम्त महिना लागला. पाच तारीख आली आणि गेली. सहाव्या दिवशी लेक रेदिएत शाळेतून आली ती दप्तर न काढताच दारात उभी राहिली. हातात लाल कागद.

"बाबा, फी नाही पोचली."

"अशक्य! आपोआप आहे ती."

"मग ती आपोआप नाही पोचली," रेदिएत म्हणाली. पोरगी पाचवीत होती, पण जीभ यशीची होती. "कॅशियर वर्कनेशबाईंनी सांगितलंय, असे तीन लाल कागद झाले की त्या मुलाला पालक मेळाव्यात स्टेजवर घेत नाहीत. बाबा, या वर्षी केबेरो मला दिलाय. पहिल्यांदा मुलीला दिलाय!"

केबेरो म्हणजे शाळेचा तो मोठा ढोल, रेदिएतच्या छातीएवढा. गेला महिनाभर ती घरातल्या पिंपावर, पाटावर, आणि झोपलेला असला तर बापाच्या पाठीवर सराव करत होती. अस्नाकेने तो कागद हळूच घडी घालून खिशात टाकला. पण तोंडाने तो म्हणाला, "एक कागद म्हणजे काय तीन झाले? बँकेची चूक आहे. बघतो मी."

पैसे अकरा तारखेला पोचले. अस्नाकेने बोटं मोजली आणि निष्कर्ष काढला की बँकेचे पैसे बहुतेक पायी येतात, वाटेत सहा दिवस लागतात. तेव्हा त्याने अकरातून सहा वजा केले, पाच तारीख टाकली, आणि निवांत भाजलेले जव चावत बसला. आता गंमत बघा. हिशेब पार उफराटा होता, पण उत्तर बरोबर आलं होतं! ती पाच तशीच राहिली असती, तर ही गोष्ट इथेच संपली असती.

पण दुसऱ्या दिवशी यशीने फोन उघडला. पाच आकडा पाहून तिला नवऱ्याची दया आली. बिचारे! गावाला शिकवतात आणि स्वतःच विसरले. दहा मिळवायचे असतात ना! सांगितलं तर मन दुखावेल म्हणून तिने गुपचूप पाचाचे पंधरा केले, आणि पुण्याचं काम केल्यासारखी कॉफी भाजायला बसली.

हिदार महिन्यात दुसरा लाल कागद आला. फी गेली ती पंधरा तारखेला, नाताळचे उपास सुरू झाले त्या दिवशी. अस्नाकेने त्या दिवशी नुसतं दूध-मांसच नाही, बोलणंही सोडलं.

संध्याकाळी मात्र त्याच्याने राहवेना. "मी पाच टाकली होती! या बँकेला आकडे तरी कळतात का? पाचाचे पंधरा करते!"

यशीच्या हातातली कॉफीची मातीची जबेना कलंडता कलंडता राहिली. "अहो... ते बँकेने नाही केलं."

"मग कोणी केलं?"

"मी. तुम्हीच म्हणाला होता ना, नेहमी दहा मिळवायचे?"

अस्नाकेची पंचाईत झाली. बायकोवर ओरडावं तर व्याख्यान आपलंच, आणि आपल्यावर ओरडण्याची त्याला सवय नव्हती. मधल्या मध्ये रेदिएत रडू लागली. मोठ्याने नाही, पालथ्या हाताने डोळे पुसत. "आता एकच कागद राहिलाय. मेळावा पुढच्याच महिन्यात, तहसासच्या आठ तारखेला आहे. माझा ढोल वर्गातल्या टिलहूनला देतील. त्याला तालसुद्धा धरता येत नाही!"

"नाही देणार," अस्नाके म्हणाला, पण आवाजात घड्याळजीचा तोरा नव्हता. खरं तर तो घाबरला होता. लेकीच्या आणि ढोलाच्या मध्ये दुसरंतिसरं कोणी नाही, आपणच उभे आहोत, हे त्याला पहिल्यांदा कळलं. "तहसासच्या चार तारखेला आपण सगळे शाळेत जाऊ. फोन घेऊन. आणि तोवर त्या फोनला कोणीही हात लावायचा नाही. मीसुद्धा."

(तोवर फोन पिठाच्या डब्यात ठेवला होता, हे यशीने नंतर शेजारणीला सांगितलं.)

चार तारखेला तिघं कॅशियर वर्कनेशबाईंच्या खोलीत गेले. बाई जाडजूड, शांत. चाळीस वर्षं लोकांच्या सबबी ऐकून त्यांचा चेहरा गुळगुळीत झाला होता. त्यांनी फोनवरचं पीठ पुसलं आणि अ‍ॅप उघडलं.

"गाशे अस्नाके, या पडद्यावर वरती काय लिहिलंय?" (गाशे म्हणजे दादा, मान द्यायचा म्हणून.)

अस्नाकेने खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं. "तहसास."

"फिरंग्यांचा डिसेंबर लिहिलाय का कुठे?"

"...नाही."

"अ‍ॅप आपल्या भाषेत लावलंय ना? मग ते तारखाही आपल्याच घेतं. पहिली म्हणजे पहिली. तुम्ही घरच्याच तारखेत दहा मिळवलेत, आणि वैनींनी वर आणखी दहा."

रेदिएतने बापाकडे पाहिलं. गावभर वेळ शिकवणारा बाप कानापर्यंत लाल झाला होता.

"म्हणजे मी सुरुवातीला म्हटलं होतं ते बरोबर होतं," यशी हळूच म्हणाली. "पहिली टाका म्हटलं होतं."

"ऐकलं मी," अस्नाके म्हणाला.

वर्कनेशबाईंनी या महिन्याची फी तिथल्या तिथे भरून घेतली आणि पावती रेदिएतच्या हातात दिली. मग पुढचं समजावलं. तारीख पहिलीच ठेवा, म्हणजे काही अडलं तरी हातात चार दिवस राहतात. आदल्या दिवशी खात्यात पैसे आहेत का बघा. पैसे गेल्याचा मेसेज दोघांच्याही फोनवर येऊ द्या. नाही आला तर लाल कागदाची वाट बघत बसू नका, सरळ मला येऊन सांगा. "मी काय खाते का तुम्हाला? दोन महिने दुकानात बसून बँकेला शिव्या घालण्यापेक्षा इथे पाच मिनिटं आला असतात तर पोरीला रडावं लागलं नसतं."

"चुकलं माझं," अस्नाके म्हणाला. हे दोन शब्द त्याने लग्नानंतर पहिल्यांदाच उच्चारले असावेत, कारण यशीने वळून पाहिलं, नक्की तोच बोलला ना म्हणून.

निघताना बाई काहीतरी सांगायला लागल्या, "आणि गाशे, ते माझं..." पण रेदिएतने आनंदाने टेबलावरच ताल धरला आणि ते वाक्य त्यात बुडालं.

मेळाव्याच्या आमंत्रणावर छापलं होतं, 'ठीक ३ वाजता'. मुख्याध्यापक परदेशात शिकून आलेले, ते छापतात ती वेळही तिकडचीच असते.

"बाबा, ते तीन म्हणजे आपले नऊ. दुपारचे," रेदिएत म्हणाली.

"नाही!" अस्नाकेने हात वर केला. "मिळवणं बंद, वजाबाकी बंद! लिहिलंय तीन, तर तीन!"

यशीने लेकीला डोळ्याने खुणावलं, जाऊ दे त्यांना. तेव्हा आठ तारखेच्या सकाळी आपल्या तीनच्या ठोक्याला, नवी गबी पांघरून, अस्नाके शाळेच्या सभागृहात हजर झाला. सहा तास आधी. आत एक झाडूवाली आणि तीनशे रिकाम्या खुर्च्या होत्या. घरी परत जायची त्याला लाज वाटली, म्हणून त्याने झाडूवालीबरोबर खुर्च्या लावल्या, आणि पहिल्या रांगेतली मधली आपल्यासाठी धरली.

दुपारी सभागृह भरलं. पांढऱ्या कपड्यांतली पोरं स्टेजवर आली आणि मधोमध, केबेरो गळ्यात अडकवून, रेदिएत. ढोलामागून तिचं कपाळ आणि वेण्या तेवढ्या दिसत होत्या. पहिला ठोका पडला आणि अस्नाके खुर्चीच्या कडेला सरकला. एकही ठोका मागे नाही, एकही पुढे नाही. आयुष्यभर त्याने जी वेळ भिंगातून शोधली, ती त्याच्या पोरीच्या हातात होती. तो सरळ रडला. यशीने गबीचं टोक पुढे केलं, ते त्याने नाकालाही लावलं.

कार्यक्रम संपला. लोक येऊन पाठ थोपटत होते, तेवढ्यात वर्कनेशबाई आल्या आणि त्यांनी अस्नाकेच्या हातात एक घडी घातलेला लाल कागद ठेवला.

त्याने घाईने खिसे चाचपले. "पण बाई, फी तर भरली! पावती आहे! तुमच्यासमोरच..."

"वाचा तर खरं."

भिंग दुकानात राहिलं होतं. रेदिएतने कागद घेतला आणि ढोल वाजवल्यासारखा ठणठणीत वाचला. "गाशे अस्नाके. माझं मनगटी घड्याळ तिकिम्तच्या एक तारखेला दुरुस्तीला दिलं होतं. 'उद्या' म्हणाला होतात. ही तिसरी सूचना आहे."

आजूबाजूचे सगळे वळून बघायला लागले. अस्नाकेने घसा खाकरला, गबी सारखी केली, आणि त्याच्या तोंडून सवयीचाच शब्द निघाला.

"उद्या देतो, बाई."

"अहो," यशी म्हणाली, "आपला उद्या, का दहा मिळवून?"