दोन सोयऱ्यांचा एक कॉम्प्युटर

सुभेदार जोतीराम फडतरे यांनी वास्तुशांतीच्या महिनाभर आधीच जाहीर करून टाकलं, "माझ्या नव्या घरात भिंतीवरचं एकबी घड्याळ येणार न्हाई!"

ही घोषणा साधी नव्हती. साताऱ्यात गोडोलीच्या त्या कॉलनीत अठ्ठ्याण्णव साली निम्मी घरं पेन्शनीत आलेल्या फौजींची होती, आणि ज्याची वास्तुशांत झाली त्याच्या घरात भिंत दिसायची बंद होऊन नुसती घड्याळंच दिसत होती. शेजारच्या हवालदारांकडे तर दुपारचे बारा वाजायला लागले की जेवण उरकेपर्यंत वाजतच राहायचे! सुभेदारांना हा बेशिस्त कारभार खपत नव्हता. आहेर आणायचाच असेल तर जवळच्या सोयऱ्यांनी कॉम्प्युटरचा एकेक भाग आणावा, असा त्यांनी हुकूम काढला.

कॉम्प्युटर कशाला? रंगूबाईंना, म्हणजे बायकोला, त्यांनी सांगितलं होतं, "हिशेबाला बरा पडतो." खरं कारण वेगळं होतं. सुभेदारांनी फौजेत सव्वीस वर्षं ट्रक चालवला, तो सगळा कॉनवॉयमध्ये. पुढच्या गाडीपासून ठरलेलं अंतर ठेवायचं आणि काय वाटेल ते झालं तरी ओव्हरटेक करायचा नाही! लेहचे घाट झाले, आसामातला चिखल झाला, पण या माणसानं उभ्या आयुष्यात कुणाला मागं टाकलं नव्हतं. शेवटच्या पोस्टिंगला मेजरसाहेबांच्या बंगल्यावर त्यांनी कॉम्प्युटरवरची मोटारींची शर्यत पाहिली. साहेबांची मुलगी चिवडा खात खात एका हातानं गाड्या मागं टाकत होती. सुभेदार दारात उभे राहून बघत राहिले. एकदा, फक्त एकदा, समोरच्याला मागं टाकायचं, हे त्यांनी तिथंच ठरवलं.

राजवाड्याजवळ कॉम्प्युटर जोडून देणाऱ्या मानसिंगनं त्यांना सगळं समजावून दिलं.

"काका, गेमसाठी तीन गोष्टी बघायच्या. मदरबोर्ड म्हणजे चासी. प्रोसेसर म्हणजे इंजिन. आणि ग्राफिक्स कार्ड म्हणजे..."

"समोरची काच!" सुभेदार म्हणाले.

"बरोबर! काच चांगली नसली तर इंजिन कितीबी पळू दे, रस्ता तुटक तुटकच दिसणार. आता प्रोसेसर दोन जातींचे. एक चौकोनी, बिस्किटाएवढा. त्याचा बोर्ड वेगळा. दुसरा उभा, व्हिडिओ कॅसेटसारखा. त्याच्या बोर्डाला लांब खाच. उभा जोरकस हाय, पण गेमला चौकोनी पुरतो. वाचलेला पैसा कार्डावर लावा."

सुभेदारांनी दोन दिवस विचार केला आणि चौकोनी पक्का केला. कार्ड मात्र स्वतः घ्यायचं, अगदी निवडून, पुण्याहून. प्रोसेसर सांगलीच्या व्याह्यांकडे दिला. हे आप्पासो, हळदीचे अडत्ये, आठच महिन्यांपूर्वी सुभेदारांची मुलगी क्रांती त्यांच्या घरात दिली होती. बोर्ड दिला मेढ्याच्या मेहुण्याकडे, रंगूबाईंच्या धाकट्या भावाकडे, बाळासोकडे. दोघांना नीट समजावून झालं. आता चुकायला जागाच नव्हती!

रंगूबाईंनी फोनवर भावजयीला सहज सांगितलं, "पाव्हणं इंजिन आणणार हायती, तुमी चासी आणा." झालं! बाळासोच्या डोक्यात तिडीक गेली. "सोयऱ्यानं इंजिन द्यायचं आन् सख्ख्या भावानं खालची चासी? बहिणीच्या वास्तूला?" तो तडक पुण्याला गेला आणि दुकानदाराला म्हणाला, "तुमच्याकडं सगळ्यात भारी बोर्ड असंल त्यो काढा!" दुकानदारानं काढला. त्याला लांब उभी खाच होती.

वास्तुशांतीला आहेर रीतसर माईकवरून पुकारले गेले. "सांगलीचे आप्पासो यांच्याकडून प्रोसेसर, एक नग! मेढ्याचे बाळासो यांच्याकडून मदरबोर्ड, एक नग!" दोन्हींना हळद-कुंकू लागलं, दोन्हींचे फोटो निघाले. आहेराच्या टेबलावर बाळासोचा खोका चांगला ऐसपैस होता, आप्पासोंची डबी मुठीत मावत होती. वडूजची एक म्हातारी डबीकडे बघून म्हणाली, "एवढ्याशा डबीला जीप करून आलं व्हय?" आप्पासोंनी उपरणं झटकलं. पण पंगतीला त्यांनी जिलेबी दुसऱ्यांदा घेतली, त्यामुळे सुभेदार निर्धास्त झाले.

दुसऱ्या दिवशी मानसिंगनं दोन्ही नग हातात घेतले आणि कपाळाला हात लावला.

"काका, हे बसत न्हाई. ह्यो बोर्ड उभ्याचा हाय."

"ठोकून बसव की!"

"ठोकून ट्रकची क्लच प्लेट तरी बसती का, काका?"

एक नग बदलून आणावा, एवढंच करायचं होतं. पण कुठला? रंगूबाईंनी पदर खोचला.

"माईकवर पुकारल्याला आहेर परत करायचा? भाऊ माझ्या दारात पाय ठेवंल का परत? आन् पाव्हण्यांचा परत केला तर क्रांतीला उठता-बसता ऐकून घ्यावं लागंल. त्या पोरीचं आत्ता कुठं बस्तान बसतंय!"

क्रांतीचं नाव निघालं आणि सुभेदारांचा निर्णय झाला. गेम गेला तरी चालेल, पोरीला बोल नको. त्यांनी बाळासोच्या बोर्डासाठी गुपचूप उभा प्रोसेसर विकत आणला, मानसिंगकडून कॉम्प्युटर जोडून घेतला आणि आप्पासोंची डबी कपाटात साड्यांखाली ठेवली. बंद डब्यात काय आहे, कोण बघतंय!

आप्पासो बघणारे निघाले. पुढच्याच आठवड्यात ते साताऱ्याला कामाला आले होते, ते घरी टेकले आणि कॉम्प्युटरकडे बोट करून म्हणाले, "उघडा की जरा. आमच्या धंद्यात पोतं शिवल्यालं असलं तरी टोच्या घालून आतली हळद बघतो आमी. आपला नग कसा बसलाय ते बघू."

"स्क्रूड्रायव्हर हरवलाय, पाव्हणं," सुभेदार म्हणाले. लढाईत सापडूनसुद्धा त्यांना एवढा घाम आला नव्हता.

"बरं, पुढच्या वक्ताला," आप्पासो म्हणाले.

पुढचा वक्त येणार, हे नक्की झालं! मग आप्पासोंच्या चौकोनी प्रोसेसरसाठी चौकोनी बोर्ड आला, दुसरी पेटी आली, आतलं उरलेलं सामानही दुसरं आलं. मॉनिटर तेवढा एकच, आणि कार्ड एकच, कारण तसलं दुसरं पुण्यातसुद्धा मिळेना. अशा रीतीनं हिशेबाला एक कॉम्प्युटर हवा असलेल्या घरात दोन झाले. आप्पासो येणार असले की चौकोनी पेटी टेबलावर आणि उभी पेटी कोठीत ज्वारीच्या पोत्यांमागं. बाळासो येणार असला की उलटं. कार्ड प्रत्येक वेळी एकीतून काढून दुसरीत बसवायचं. सुभेदारांचा हात इतका बसला, की रंगूबाई म्हणायच्या, "आवं, एवढ्यात मी चार भाकरी थापत्ये." आणि सोयरे काही येण्याचे थांबेनात. कधी उसाच्या तोडीचं निमित्त, कधी कोर्टाचं, कधी नुसतंच सहज. या काढघालीत गेम मात्र अजून एकदाही खेळून झाला नव्हता.

मग क्रांतीला दिवस राहिले, आणि डोहाळजेवण माहेरी ठरलं. बाळासो येणार हे पक्कं होतं, मामाच तो. "आप्पासो काय येत न्हाईत," सुभेदार ठासून म्हणाले. "बायकांचं कार्य हाय!" त्यांनी उभी पेटी टेबलावर ठेवली.

बाळासो चहा पीत बसला होता, तेवढ्यात दारात जीप थांबली. सांगलीच्या बायका उतरल्या, आणि त्यांच्या मागून स्टेअरिंगवरून आप्पासो उतरले. आत येऊन ते खुर्चीवर बसले, खिशात हात घातला आणि नवाकोरा स्क्रूड्रायव्हर काढला!

"तुमचा हरवलाय न्हवं? मी आणलाय."

"व्हय दाजी, उघडाच!" बाळासोला चेव आला. "माझाबी बोर्ड बघायचा राहिलाय."

आप्पासोंनी हळदीचं पोतं उघडावं तशी पेटी सावकाश उघडली, चष्मा कपाळावर सरकवला आणि आत वाकले.

"हे उभं काय हाय? आमचं चौकोनी हुतं."

पलीकडच्या दारात हिरव्या साडीतली क्रांती उभी होती. तिनं एकदा सासऱ्यांकडे पाहिलं, एकदा बापाकडे, आणि तिचा चेहरा उतरला. सुभेदारांना वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण पेटीसकट आत जावं.

तेवढ्यात कोठीतून रंगूबाईंचा आवाज आला. "आवं, जरा हात लावा की! जड हाय!" त्या ज्वारीचा भुसा लागलेली दुसरी पेटी घेऊन येत होत्या. ती टेबलावर आदळून त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"पाव्हणं, तुमचं ह्यात हाय. दोघांचा मान सारखा. एकाच पेटीत घातलं असतं तर कुणाचं तरी खाली आन् कुणाचं तरी वर झालं असतं की! म्हणून दोघांच्या दोन केल्या!"

आप्पासोंनी दुसरी पेटी उघडली. आत प्रोसेसरच्या कडेला वास्तुशांतीच्या हळदीचा डाग अजून होता. त्यांची मुद्रा सैल झाली. "वैनी, ह्याला म्हंत्यात रीत!" क्रांतीच्या चेहऱ्यावर रंग आला. सुभेदारांना बायकोच्या पाया पडावंसं वाटलं, पण पाव्हणे होते.

सगळं मिटलं होतं. पण बाळासो गप्प बसला तर तो बाळासो कसला!

"मग दाजी, पळतंय कुठलं जास्त?"

"व्हय, ते बघायलाच पायजे," आप्पासो खुर्ची पुढं ओढत म्हणाले. सांगलीच्या आणि मेढ्याच्या बायका ओटी अर्धी टाकून दारात जमल्या. एकाच शर्यतीचा गेम दोन्ही पेट्यांवर लावायचा, ज्याची वेळ कमी त्याचा कॉम्प्युटर भारी, असं ठरलं. चालवणार कोण? ज्यानं सव्वीस वर्षं ट्रक चालवला तो!

"पाव्हण्यांचं आधी," रंगूबाईंनी निकाल दिला. "भाऊ घरचा हाय."

सुभेदारांनी कार्ड चौकोनी पेटीत बसवलं आणि खुर्चीवर ताठ बसले. हीच ती घटका! शिट्टी झाली, गाड्या सुटल्या. पण सवय वाईट. समोर गाडी दिसली की सुभेदारांचं बोट आपोआप सैल पडायचं. अंतर ठेवून, अगदी शिस्तीत, ते सगळ्यांच्या मागून शेवटपर्यंत गेले. पडद्यावर वेळ उमटली. आप्पासोंनी ती मोठ्यानं वाचली.

कार्ड काढून उभ्या पेटीत बसवलं. या खेपेला त्यांनी दात आवळले. शेवटच्या वळणावर पुढची गाडी बाजूला सरकली. रस्ता मोकळा! लेहपासून आसामपर्यंत कधी मिळाला नव्हता एवढा मोकळा! बोट बटणावर आलं. दाबलं की झालं. आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, की आपण ह्या गाडीला मागं टाकलं तर मेढा जिंकेल आणि सांगली हरेल, आणि हिरव्या साडीतली पोर उद्या सांगलीला परत जायची आहे. दारात क्रांती श्वास रोखून उभी होती. सुभेदारांनी बोट उचललं. जीव कळवळला, पण उचललं, आणि मघाचंच अंतर धरून ते शेवटपर्यंत गेले.

पडद्यावर वेळ उमटली. मिनिटं तीच, सेकंदही तेच!

"तोडीस तोड!" बाळासो ओरडला. "पाव्हणं, द्या टाळी!" आप्पासोंनी टाळी दिली. दोघं सोयरे पहिल्यांदाच एका पंगतीला मांडीला मांडी लावून बसले. सुभेदार स्वतः वाढत होते, तेव्हा त्यांच्या कानावर आलं.

"मशिनी दोन्ही एक नंबर," आप्पासो म्हणत होते.

"एक नंबर!" बाळासो म्हणाला. "पण पाव्हणं, डायवर लय कच्चा हाय."

"लयच. एवढ्या येळात आमचा हळदीचा ट्रक सांगलीस्नं हितं येतोय."

सुभेदारांनी दोघांना जिलेबी वाढली.

दोन महिन्यांनी नात झाली. बारशाला मांडव पडला, माईक लागला आणि आहेर पुकारले जाऊ लागले. सोयऱ्यांची पाळी आली तेव्हा दोघं मिळून एकच मोठा खोका उचलून आणत होते. सुभेदारांचा ऊर भरून आला. इतकी एकी त्यांनी फौजेतसुद्धा पाहिली नव्हती!

"सांगलीचे आप्पासो आणि मेढ्याचे बाळासो यांच्याकडून, दोघांत मिळून, सुभेदारांनी इथून पुढं तरी टायमात पोचावं म्हणून," माईकवाल्यानं खोक्यावरची चिठ्ठी वाचून दाखवली, "भिंतीवरचं घड्याळ, एक नग!"