दोनच शिटांची गाडी

आमचे दिनकरतात्या माणसाकडे नुसतं बघून त्याचं वजन सांगतात. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उभी हयात गेली, ते तरी काय करणार? कुणाची ओळख करून दिली की नमस्काराआधी म्हणतात, "ब्याऐंशी किलो. चपला धरून." नव्या शेतकी अधिकाऱ्याचं वजन त्यांनी त्याच्या बायकोसमोर सांगितलं आणि मग न विचारता तिचंही सांगून टाकलं. तेव्हापासून तो काट्यावर चहाला येत नाही.

अशा माणसाचा जीव जडावा तो एका हलक्या गाडीवर. उसाच्या ट्रॉल्या मोजून मोजून जडपणाचाच वीट आला असावा. उघड्या टपाची, दोन शिटांची, जमिनीला चिकटून पळणारी स्पोर्ट्स कार. "वजन हजार किलोच्या आत हाय," हे ते मुलीचं स्थळ सुचवावं तशा आवाजात सांगतात.

प्रश्न एकच, नवी घ्यायची की जुनी? अकरा वर्षं काट्याच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसून मी हा खल ऐकतोय. सोमवारी नवी ठरते, कारण "जुनीला दुसऱ्याच्या हाताची सवय लागल्याली असती." गुरुवारपर्यंत बेत फिरतो. नव्या गाडीवर पहिला ओरखडा आपल्याच हातानं उठणार, ते बघवणार नाही, म्हणून जुनीच बरी. गावानं यथेच्छ टिंगल केली. घरात चौदा माणसं आणि गाडी दोघांची. मीही केली, खोटं कशाला बोलू.

गेल्या महिन्यात बारामतीच्या एका डॉक्टरांनी तशीच गाडी विकायला काढली. तात्या मला घेऊन बघायला गेले. लाल गाडी दिसली तशी त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. मग स्टिअरिंगची जागा सोडून डावीकडच्या सीटवर बसले. उठले. पुन्हा बसले. दाराला न धरता उठायला बघत होते आणि ते काही जमत नव्हतं. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले.

मी हसून म्हणालो, "तात्या, गाडी घ्यायचीय का बैठका मारायच्यात?"

"शालनला उठता यील का बघतोय," ते म्हणाले. शालनकाकू म्हणजे त्यांची मंडळी, गुडघ्यांनी हैराण झालेली. "लगीन झाल्यापास्नं आमी दोघंच कुठं गेलो न्हाय रं. जीप काढली की भावकी आधी चढती. नरसिंहपूरला देवाला जाताना बी ती मागं, दुसऱ्यांची पोरं मांडीवर घिऊन. ह्या गाडीत तिसरं कुणी बसूच शकत न्हाय. म्हणून हीच पायजे हुती."

बराच वेळ ते सीटवरून हात फिरवत राहिले.

"पयल्या वर्षीच घावंल ती जुनी घेतली असती, तर बसली असती ती. तवा पळत जिना चढायची."

माझं हसू तिथंच विरलं. मला माझीच लाज वाटली. डॉक्टर भला माणूस, किल्ली पुढं करून म्हणाले, एक चक्कर तरी मारून या. तात्यांनी किल्ली घेतली, रिकाम्या सीटकडे पाहिलं आणि परत दिली. मी बाजूलाच उभा होतो. मला बस म्हणाले नाहीत. म्हणाले असते, तरी मी बसलो नसतो.