पेत्रोविचसाहेबांची तपासणी

शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या एका पाइपच्या फॅक्टरीत सोमनाथ ड्रायव्हर होता. दोन हजार दोन सालच्या त्या सकाळी त्याची नोकरी एका आडनावावर टांगलेली होती. आठवडाभर कुरकुरणारं मशीन तपासायला बेलग्रेडहून इंजिनियर येणार होता. मॅनेजर मुश्ताकभाईंनी पुठ्ठ्यावर ‘पेत्रोविच’ असं इंग्रजीत लिहून दिलं आणि बजावलं, "सोम्या, गेल्या महिन्यात भलताच पाहुणा उचलून आणलास. परत चुकलास तर खलास! थेट गावची फ्लाइट."

विमानतळावर पाटी बघताच पांढऱ्या मिशांचे एक धिप्पाड गृहस्थ पुढे आले. "पेत्रोविच! बेलग्रेड!" सोमनाथचा जीव भांड्यात पडला.

गाडीत साहेबांची टकळी सुरू झाली. चौतीस वर्षं नाटकात आणि सिनेमात कामं केली; पोस्टमन झालो, पाद्री झालो, फौजदार तर अकरा वेळा, पण हिरो एकदाही नाही. आता शारजातल्या शूटिंगमध्ये कडक तपासनीसाचं काम मिळालंय. सोमनाथचं इंग्रजी ‘यस सर’पाशी संपत होतं, त्यामुळे तो दर वाक्याला तेवढंच म्हणत राहिला.

फॅक्टरीत कामगार रांगेत उभे होते. साहेबांना वाटलं, वा! तालीम सुरूच आहे. त्यांनी कोट झटकला, रांगेवरून जळजळीत नजर फिरवली आणि मशीनला कान लावला.

"स्टॉप!"

मशीन थांबलं. साहेबांनी एका झाकणाकडे बोट रोखलं. "ओपन!"

झाकण उघडलं, तर आत बेअरिंगचे दोन तुकडे!

"या अल्ला!" मुश्ताकभाई ओरडले. "आठ दिवस आम्ही शोधतोय!" पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. साहेब आणखी खुलले. त्यांनी गोदाम पालथं घातलं, दोघांना झापलं आणि खुद्द मुश्ताकभाईंना हेल्मेट घालायला लावलं.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे शूटिंगचा मॅनेजर होता.

"हबीबी, आपके इंजिनियर हमारे पास हैं! हम कब से बोल रहे हैं, ग़ुस्से से देखो, और वो हमारा जनरेटर रिपेअर कर रहे हैं!"

मुश्ताकभाईंनी सावकाश फोन ठेवला आणि सोमनाथकडे पाहिलं. सोमनाथने मनातल्या मनात बॅग भरून टाकली.

मुश्ताकभाईंनी साहेबांना सगळा घोटाळा समजावून सांगितला, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे कॅमेरा नव्हता?"

"नाही साहेब. इथे पाइप बनतात."

साहेब खुर्चीत बसले. त्यांनी हळूच विचारलं, "मग त्या टाळ्या?"

"त्या खऱ्या," मुश्ताकभाई म्हणाले.

पेत्रोविच उठले. मिशी सारखी केली आणि सगळ्या कामगारांसमोर कमरेत वाकले.

मुश्ताकभाईंनी सोमनाथला बाजूला ओढलं. सोमनाथने डोळे मिटून घेतले.

"यल्ला, साहेबांना शूटिंगला सोडून ये," ते कुजबुजले. "पण आधी विचारू या, जाता जाता आपल्या कंप्रेसरला जरा कान लावतील का?"