चपलांचे तेवीस जोड आणि चौधरी मॅडम

स्त्रीला वय विचारू नये, हा सभ्यतेचा पहिला नियम आहे. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या चौधरी मॅडम तो मोडायची संधीच कुणाला देत नाहीत. न विचारता सांगतात, "त्रेचाळीस वर्षं, दोन महिने. माझी स्त्रीबीजं माझ्याहून थोडी मोठी, ती जन्माआधीच तयार होतात." मुख्याध्यापकांनाही सांगतात. ते तेव्हा खिडकीबाहेर बघतात.

दोन वर्षं जळगावात मॅडमचं आयव्हीएफ चालू होतं. यश येईना, तसे नातेवाईक नवस, उपास, जुने शाप असं काहीबाही सुचवू लागले. मॅडमना ते साफ नामंजूर. "पाप नाही केलं, उशीर केला," म्हणायच्या.

रावेरकडच्या एका बारशाला, शाळेतली सहकारी म्हणून, मीही सोबत होते. त्यांच्या चुलत सासूबाई, अक्का, पाळण्यापाशीच म्हणाल्या, "बाई, तुले कोणाची तरी नजर लागली."

मॅडमनी वाद घातला नाही. दारातले चपलांचे तेवीस जोड मोजून आत आणले, दोन पिशव्या मागवल्या. प्रत्येक जोडातली एक या पिशवीत, एक त्या पिशवीत. स्त्रीबीज तयार होताना गुणसूत्रांच्या तेवीस जोड्यांची वाटणी अशी व्हायला हवी. वय वाढलं की पकड ढिली होते, एखाद्या जोडातल्या दोन्ही एकीकडेच पडतात. मग भ्रूणात एक गुणसूत्र जास्त, नाहीतर एक कमी. असा भ्रूण बहुधा टिकत नाही. यात नजर कुठे आली, असं त्यांनी अक्कांना विचारलं.

देवाच्या घरी असं वाकडं नसतं, असं अक्का म्हणाल्या. मॅडमनी ताटातलं केळं उचललं.

"याच्यात गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच आहेत, अक्का. म्हणून तर बी नाही. केळीवर जगणारा तुमचा अख्खा तालुका वाकड्यावरच उभा आहे."

पाहुण्या बराच वेळ पिशव्यांत आपापल्या चपला शोधत होत्या.

गेल्या मे महिन्यात शेवटच्या खेपेचे तीन भ्रूण द्रव नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवले आणि त्यांच्या पेशी तपासणीला गेल्या. अहवालाच्या दिवशी यजमान धुळ्याला ड्युटीवर, म्हणून मी गेले. डॉक्टरांनी आधी मातृत्वाच्या मांगल्यावर छोटंसं भाषण केलं. ते संपायच्या आत मॅडमनी कागद ओढून घेतला. एकात सोळावं गुणसूत्र जास्त, एकात बाविसावं कमी, तिसऱ्यात दोन ठिकाणी घोळ.

"तिन्ही नाही टिकणार," त्याच म्हणाल्या. डॉक्टरांचे कष्ट वाचले.

काउंटरवरच्या बाईंनी भ्रूण नष्ट करण्याचा संमतीचा कागद पुढे केला. यजमानांनी सही भ्रूण गोठवतानाच करून ठेवली होती. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं, थोडा वेळ तसंच धरलं, परत लावलं.

"आज नको," त्या म्हणाल्या. "एवढ्या उन्हाचं कुणाला घराबाहेर काढतात का?"

बाहेर पंचेचाळीस अंश होतं, त्यामुळे बाईंना ते पटलं. मग पावसाळा झाला, थंडीही संपत आली. कागद अजून मॅडमच्या पर्समध्ये आहे.

त्या टाकीत बाराही महिने उणे एकशे शहाण्णव अंश असतं.