शिवानीचा लाल दिवा

सोमवारी दुपारी पुण्याहून पार्सल आलं, पण कल्याणरावांनी ते लगेच उघडलं नाही. तासभर ते कापडाच्या ठाणांवर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेत भरेल असं ठेवलं. शेवटी परकराचं कापड घ्यायला आलेल्या एका बाईनं विचारलं, "आप्पा, ह्या खोक्यात काय हाय?" तेव्हा कुठे त्यांनी चष्मा काढला, उपरण्याला पुसला आणि म्हणाले, "आमच्या शिवानीनं बनवलेलं मशीन."

राणीसावरगावात कल्याणरावांचं कापडाचं दुकान, दुकानामागे घर. शिवानी ही त्यांची एकुलती एक लेक. पुण्यात इंजिनिअर, आणि तीही मोबाइलचे चार्जर तयार करणाऱ्या कंपनीत. पार्सलमधून एक नवा फोन निघाला, त्याला बसवायचं कव्हर निघालं आणि बशीएवढी एक काळी चकती निघाली. फोन या चकतीवर नुसता ठेवायचा. पिन खुपसायची नाही, काही नाही, फोन आपोआप आणि झपाट्यानं चार्ज होतो. शिवानीनं आधीच सांगून ठेवलं होतं, "आप्पा, ह्यातलं थोडंसं काम माझं हाय. लय न्हाई, थोडंसं." कल्याणराव घरातून दुकानात येईपर्यंत त्या थोड्याचं सगळं झालं होतं. यात खोटेपणा नव्हता. बापाच्या तोंडी लेकीची गोष्ट आली की ती जरा अंग धरतेच.

घरात चकती लावून बघितली तर हिरवा दिवा लागला, फोनवर विजेचं चिन्ह आलं आणि आकडा भराभर चढायला लागला. गौराबाईंनी चकतीला हळदकुंकू वाहिलं. कल्याणरावांनी फोन कव्हरात बसवला तो कायमचा. त्यांच्या घरात सोफ्यावरचं प्लास्टिक अकरा वर्षं निघालेलं नव्हतं आणि टीव्हीच्या रिमोटनं आजवर उघडी हवा पाहिलेली नव्हती. कव्हरातून काढलेली वस्तू टिकत नाही, असा त्यांचा अनुभव होता. खरं तर अनुभव नव्हता, कारण त्यांनी कधी काढूनच बघितली नव्हती.

संध्याकाळी शेजारचे आश्रुबा आले. आश्रुबा वीज मंडळातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. तीस वर्षं खांबावर चढलेला माणूस, त्यामुळे विजेच्या बाबतीत गावात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी चकती उलटीसुलटी केली.

"बिनवायरचं हाय म्हंता?"

"बिनवायरचं."

"मग ही वायर कशाची?"

"ती चकतीला जाते. फोनला वायर न्हाई."

"म्हंजे वायर हायेच की. घराला दार हाय, पर खोलीला न्हाई, असं झालं हे." आश्रुबा खुर्चीत मागे रेलले. "आप्पा, वायरशिवाय करंट मी एकदाच जाताना बघितलाय. माझ्या अंगातून."

कल्याणराव फोन चकतीवर ठेवायला गेले आणि तेवढ्यात लाइट गेली. आश्रुबा तासभर थांबले. लाइट आली नाही. उठताना मात्र त्यांनी एक गोष्ट बोलून टाकली. त्यांची नात माधवी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली होती आणि तिला इंजिनिअरिंगला पुण्याला जायचं होतं. आश्रुबांचं म्हणणं, पोरीनं परभणीत राहून काहीतरी शिकावं आणि शनिवारी घरी यावं. फॉर्म भरायची मुदत रविवारपर्यंत होती.

"तुमी शिवानीला धाडलं, तवा मीच म्हनलं होतं, पोरीला इतक्या लांब कशाला. आता बघू तिनं काय केलं ते. तुमचं मशीन चाललं तर माधवी पुन्याला. न्हाई चाललं तर परभनी."

"चाललंय हो दुपारी. आमी बघितलंय."

"मी न्हाई बघितलं," आश्रुबा म्हणाले. जाता जाता त्यांनी त्या फोनकडे पुन्हा एकदा एकटक पाहिलं.

हे पाहणं गौराबाईंनी टिपलं. आश्रुबांची पापणी लवली नव्हती. नव्या वस्तूकडे असं बघितलं की वस्तूला दृष्ट लागते, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. मंगळवारी सकाळी कल्याणराव शिवपूजेला बसले आणि गौराबाईंनी कव्हराचा कोपरा उचलून आत, फोनच्या पाठीशी, मठातून आणलेला तांब्याचा पातळ पत्रा सारला. वर विभूतीचं बोट ओढलं आणि कव्हर दाबून बसवलं. हे नवऱ्याला सांगायची त्यांना गरज वाटली नाही. घरातल्या निम्म्या वस्तू अशाच, न सांगता राखलेल्या होत्या.

संध्याकाळी आश्रुबा आले, लाइटही होती. कल्याणरावांनी फोन चकतीवर ठेवला. हिरवा दिवा लागला नाही. लाल दिवा तीनदा लुकलुकला आणि विझला. फोन उचलून पुन्हा ठेवला, पुन्हा तेच.

"व्होल्टेज कमी असंल," कल्याणराव म्हणाले.

"असंल," आश्रुबा म्हणाले आणि घरी जाऊन फ्रिजचा स्टॅबिलायझर उचलून घेऊन आले. आश्रुबा हटवादी होते, पण लबाड नव्हते. स्टॅबिलायझर लावला. लाल दिवा आता भरपूर व्होल्टेजमध्ये लुकलुकला.

गौराबाईंना कळून चुकलं, दृष्ट साधी नाही. बुधवारी सकाळी तांब्याच्या पत्र्याशेजारी घोड्याच्या नालेचा एक चपटा तुकडा गेला. संध्याकाळी पुन्हा लाल दिवा, आणि गुरुवारी सकाळी काळा दोरा गुंडाळलेली सुई. जसजसा फोन हटून बसे, तसतसा त्याचा बंदोबस्त वाढत गेला, आणि बंदोबस्त वाढला की फोन आणखी हटून बसे.

"फोन जरा जाड झाल्यासारखा वाटायलाय," गुरुवारी कल्याणराव फोन हातात तोलत म्हणाले.

आश्रुबांनी तो कानाशी नेऊन ऐकला. "करंट आत अडकला असंल."

शुक्रवारी कल्याणराव फोन आणि चकती घेऊन गंगाखेडला निघाले, तिथल्या भागवतच्या मोबाइलच्या दुकानात. मठातला पत्रा परक्याच्या हाताला लागू नये म्हणून गौराबाईंनी त्याआधीच कव्हरातून सगळा ऐवज काढून देवघरात ठेवला. भागवतनं चकतीला वायर लावली, वर फोन ठेवला. हिरवा दिवा.

"आप्पा, लय भारी पीस हाय. ह्यात काय बिघाड हाय?"

"घरी चालत न्हाई."

"इथं चालायलंय की."

"मग काय इथं राहू?" कल्याणराव म्हणाले. पण मनातून ते खूश होते. लेकीच्या मशीनमध्ये खोट नव्हती. खोट घरात होती, आणि घर त्यांनी स्वतः बांधलेलं होतं, त्यामुळे तो दोष घ्यायला त्यांची काही हरकत नव्हती.

परत येऊन त्यांनी हातपाय धुतले, तेवढ्यात गौराबाईंनी ऐवज पुन्हा जागच्या जागी बसवला. फोन चकतीवर ठेवला. लाल दिवा.

मग आश्रुबांनी घर हातात घेतलं. शनिवारभर त्यांनी दिवाणखान्याचा बोर्ड खोलला, वायरी बदलल्या, परसातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ टाकून चार घागरी पाणी ओतलं. पंखा पूर्वीपेक्षा जोरात फिरायला लागला. फ्रिजला हात लावला की जो बारीक झटका बसायचा, तो बंद झाला. घरातली प्रत्येक वस्तू सुधारली आणि लाल दिवा तेवढा होता तसाच राहिला.

या साऱ्या दिवसांत तो फोन चालू कसा होता, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. कल्याणराव रोज दुकानामागच्या खोलीत जात, दाराला आतून कडी लावत आणि जुन्या वायरची पिन त्या नव्या फोनला लावून तासभर साड्यांच्या गठ्ठ्यावर बसून राहत. शिवानीला मात्र त्यांनी यातलं अक्षरही कळवलं नव्हतं. ती रोज विचारायची, "आप्पा, चालतंय ना बरोबर?" आणि ते म्हणायचे, "एकदम फस्क्लास." तुझं मशीन चालत नाही, हे लेकीला कोणत्या तोंडानं सांगायचं? तिला पुण्याला सोडून आले, त्या दिवशी एसटीत ते गंगाखेडपर्यंत रडले होते. ते रडणं फुकट गेलं नाही, एवढंच त्यांना जगाला दाखवायचं होतं. आता जग राहू द्या, आश्रुबांनाही दाखवता येईना.

रविवारी सकाळी आश्रुबा माधवीला घेऊनच आले. गल्लीतली दहाबारा माणसंही आली. कल्याणरावांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला आणि चकतीवर टेकवला.

लाल दिवा तीनदा लुकलुकला.

कोणी हसलं नाही, आणि कल्याणरावांना तेच जास्त लागलं. आश्रुबा हलक्या आवाजात म्हणाले, "जाऊ द्या आप्पा. शिकतीया अजून लेकरू." मग नातीकडे वळून म्हणाले, "माधवी, परभनीचा फॉर्म भर."

माधवीचा चेहरा उतरला. पण पोरगी गप्प बसणारी नव्हती. "शिवानीताईला विचारलं का कुनी?"

कल्याणराव जमिनीकडे बघायला लागले. माधवीनं स्वतःचा फोन काढला आणि सरळ व्हिडिओ कॉल लावला. शिवानी पडद्यावर आली, तिच्या हातात चहाचा कप होता. माधवीनं सगळं सांगितलं. वडिलांनी लपवलेलं सगळं उघडं पडत होतं आणि कल्याणराव उपरण्याचं टोक चुरगळत होते.

"लाल दिवा कितीदा लुकलुकतो?" शिवानीनं विचारलं.

"तीनदा. मग विझतो."

शिवानी एकदम हसायला लागली. "आई कुठाय? आई, कव्हरात काय ठेवलंस?"

सगळ्यांच्या माना गौराबाईंकडे वळल्या. त्यांनी पदर सारखा केला. मग पुढे येऊन कव्हराचा कोपरा उचलला आणि एकेक वस्तू सतरंजीवर मांडली. तांब्याचा पत्रा. नालेचा तुकडा. काळ्या दोऱ्याची सुई.

"मी आपलं दृष्टीसाठी ठेवलं," त्या म्हणाल्या. "वाईट काय केलं?"

कल्याणराव गौराबाईंकडे वळले. शिवानी म्हणाली, "आईला बोलू नका, आप्पा. चकती आणि फोन ह्यांच्यामधी धातू आला की तो तापतो. लय तापतो. हात भाजंल, फोन जळंल, अंथरुण पेटंल. म्हणून मधी धातू हाय हे चकतीला कळायला पायजे आणि तिनं करंट तोडून लाल दिवा दाखवायला पायजे. कंपनीत तेवढंच काम माझ्याकडं हाय. दीड वरीस तेच केलं मी. तो लाल दिवा माझा हाय."

"म्हंजे मशीन बिघडलं नव्हतं?" कल्याणरावांनी विचारलं.

"आप्पा, मंगळवारपासून ते माझंच काम करायलंय."

आश्रुबा चकतीजवळ सरकले. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकडी होती आणि पंजावर जुना भाजल्याचा वळ होता. गावात सगळ्यांना तो माहीत होता, पण त्याबद्दल ते कधी बोलत नसत. त्यांनी तो हात पुढे केला.

"म्हंजे ह्यो फ्यूज हाय," ते म्हणाले. "एका गावात डीपीवर कुनीतरी फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळली होती. तुटायच्या वक्ताला ती तुटली न्हाई. तवाचं हाय हे." त्यांनी सतरंजीवरचा पत्रा उचलला, चकतीवर ठेवला, वर फोन टेकवला. लाल. पत्रा काढला. हिरवा. पुन्हा ठेवला. लाल. असं त्यांनी सातआठ वेळा केलं. "ह्याला बरोबर वक्ताला तुटाया येतंय. आप्पा, करंट सोडायला कुनालाबी येतं. तोडायचं डोकं लागतं. लय मोठं काम केलंय पोरीनं."

कल्याणरावांचा ऊर भरून आला. तीस वर्षं खांबावर घालवलेल्या माणसानं हे म्हटलं होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि या वेळी तो खरोखरच ओला झाला होता.

आश्रुबांनी माधवीच्या डोक्यावर तोच हात ठेवला. "पुन्याचा फॉर्म भर," ते म्हणाले, "आन् गेल्यावर पहिल्या दिवशी हिला जाऊन भेट."

पुढच्या रविवारी शिवानीनं वडिलांना फोन लावला तर तो बंद. पुन्हा लावला, तरी बंद. शेवटी काळजीनं तिनं आईला फोन केला.

"आई, आप्पांचा फोन का लागेना?"

"चार्जिंग संपली असंल. सकाळपासून दुकानात लोकायला लाल दिवा दाखवायलेत."

"मग पत्रा काढून ठेव की चकतीवर."

"मी काढला होता बाई," गौराबाई म्हणाल्या. "त्येनीच परत घातला. म्हनले, हिरवा तर कुनाच्याबी चार्जरला लागतो."