खुर्चीवाल्याची कंबर

खुर्च्या करणाऱ्या सुताराच्या कंबरेनं संप पुकारला, तो नेमका वाचनालयाची चाळीस खुर्च्यांची ऑर्डर यायची होती त्याच आठवड्यात.

"जन्मभर उकिडवं बसून काम केलंत. पोटापाठीचे स्नायू पार ढिले पडलेत," फिजिओवाली डॉक्टरीण म्हणाली. वयानं ती त्याच्या धाकट्या लेकीहून लहान. "रोज दोनदा व्यायाम. आणि अधूनमधून खुर्चीवर बसत जा."

"मला सांगते, खुर्चीवर बस!" घरी येईपर्यंत सुतार धुमसत होता. "तीस वर्षं जगाला बसवतोय मी!"

पण कंबरेपुढे कुणाचं चालतं? सकाळी कामाच्या खोलीचं दार लोटून त्यानं भुशावर चादर अंथरली आणि गुडघ्या-हातांवर ओणवा झाला. उजवा हात पुढं, डावा पाय मागं, पोट आत. नुकतं उभं राहू लागलेल्या वासरासारखा थरथरत तो सहापर्यंत मोजत आला, तोच दार उघडलं. वाचनालयाच्या बाई, हातात वही.

कंबर धरलेल्या माणसाकडून खुर्च्या कोण घेईल? सुतार रांगत जवळच्या खुर्चीखाली शिरला.

"या बाई! सांधे तपासतोय."

आडव्या दांड्यांमधून डोकं आत गेलं, बाहेर मात्र येईना.

"अहो, दहा मोजून झाले का?" आतून बायको आली. "आणि कंबर वाकवायची नाही म्हणालीय ना ती?"

बाईंनी वही मिटली. "कंबर दुखते? तुमची?"

"माझ्या खुर्चीनं नाही!" सुतार खुर्चीखालून गरजला. "तिच्यात मी आयुष्यात कधी बसलेलो नाही!"

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्याला उमगलं.

दोघींनी पाय धरून त्याला ओढून काढला. "आता बसाच," बाई म्हणाल्या. "मी मापं घेते तोवर."

सुतार बसला. लेकीची वेणी घालावी तशा मायेनं घासलेली ती खुर्ची. पहिलं मिनिट राजासारखं गेलं. दुसऱ्या मिनिटाला पाठीची पट्टी बरोब्बर दुखऱ्या जागी रुतली. पाचव्याला कपाळावर घाम फुटला.

"चाळीस लिहू ना?" बाईंनी वही उघडली.

नुसती मान हलवायची होती. पण ती हलेना. कण्हत तो उठला, कानावरची पेन्सिल काढली आणि पट्टीवर रागारागानं फुली मारली.

"एकही लिहू नका. ही पट्टी दोन बोटं वर हवी, कडा गोल हव्यात. बसवतं का कुणी माणसाला असं? महिना द्या मला."

बाईंनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. मग लिहिलं : चाळीस, महिन्यानं.

त्या गेल्या आणि सुताराचा भडका उडाला. "तीस वर्षं! एकाही गिऱ्हाइकाला तोंड उघडून सांगता आलं नाही?"

"सांगायचे की," चादर झटकत बायको म्हणाली. "तुम्हीच म्हणायचात त्यांना, खुर्चीला नावं ठेवू नका, व्यायाम करा."