वय वर्षे अकरा (कंडक्टरच्या रेकॉर्डप्रमाणे)

एका रविवारी वीरेश पट्टणशेट्टीनं पेपरातली एक चौकट कात्रीनं कापली आणि तिथूनच सगळा घोळ सुरू झाला. चौकटीचं नाव होतं, 'कोणत्या वयाला कोणतं पुस्तक?' मागच्या बाजूला सोमवारी पाणी येणार नसल्याची बातमी होती, तीही चौकटीबरोबर कापली गेली. सोमवारी घरात घागरभर पाणी नव्हतं, पण वीरेश खुशीत होता. त्याला आयुष्यात पहिल्यांदाच कशातलं तरी शास्त्र सापडलं होतं.

साल अठ्ठ्याण्णव. वीरेश कोल्हापुरात एका दूध संघाच्या आस्थापना विभागात क्लार्क होता. समोरच्या माणसापेक्षा त्याच्या सर्व्हिस बुकावर ह्याचा विश्वास जास्त. रिटायरमेंटचे पेढे घेऊन आलेल्या एका शिपायाला 'तुमची अजून दोन वर्षं बाकी आहेत' असं रेकॉर्ड दाखवून त्यानं परत स्टुलावर बसवलं होतं. (शिपाई अजून तिथंच आहे. पेढे संपले.)

बाहेर असा दरारा असलेल्या वीरेशला सासरी मात्र काडीची किंमत नव्हती. सासरे भरमाप्पा, म्हणजे सगळ्यांचे आण्णा, हे शाहूपुरीतले गुळाचे जुने व्यापारी. उभ्या जन्मात तराजूच्या काट्याला बोट न लावलेला माणूस, आणि खोटं बोलणाऱ्याला दारात उभं न करणारा. बारा वर्षांत ते जावयाशी एकच वाक्य बोलले होते: "जेवलासा?" ह्याचं उत्तर नेहमी 'हो' असायचं, कारण वीरेश तिथं दुसरं काही करतच नसे. आण्णांनी कधीतरी आपल्याला विचारून एखादं काम करावं, एवढीच त्याची बारा वर्षांची इच्छा होती.

आणि ती संधी आली. आण्णा गल्लीतल्या वाचनालयाचे अध्यक्ष होते. तिथं मुलांसाठी नवं कपाट आलं होतं आणि ते रिकामं होतं. जेवताना विषय निघाल्यावर वीरेशनं खिशातलं कात्रण काढून पानाशेजारी ठेवलं.

"पुस्तकं मी निवडतो, आण्णा. त्याला शास्त्र असतं. वय बघून पुस्तक द्यावं लागतं."

आण्णांनी घास थांबवला. "आदी घरातल्या पोरास्नी देऊन दावा. त्यास्नी आवडलं तर कपाट तुमचं."

घरातली पोरं म्हणजे वीरेशची मेहुणी शांतव्वा हिची तीन. मे महिन्यात ती गडहिंग्लजहून माहेरी येणारच होती. आता प्रश्न फक्त वयांचा होता.

"मला विचारा की," वीरेशची बायको वर्षाराणी म्हणाली. "माझ्याच भनीची पोरं हायत."

"अंदाजानं नको. माझ्याकडं अधिकृत नोंद आहे," वीरेश म्हणाला आणि त्यानं डायरी उघडली.

नोंद खरोखरच होती. मागच्या दिवाळीत तोच शांतव्वाला आणि मुलांना एसटीनं कोल्हापूरला घेऊन आला होता. कंडक्टरनं वयं विचारली तेव्हा शांतव्वानं ठणकावून सांगितलं होतं, "थोरला अकरा, मधली आठ, धाकटा साडेचार." एका बाईनं सरकारी माणसासमोर दिलेला हा जबाब वीरेशनं तिथल्या तिथं टिपून ठेवला होता. पहाटेची थंडी होती. थोरला संगमेश माकडटोपी घालून, गुडघे पोटाशी घेऊन, अव्वानं, म्हणजे आईनं, सांगितल्याप्रमाणे झोपेचं सोंग करत होता. धाकटा गुंडू अव्वाच्या मांडीवर होता आणि त्याचे पाय पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्याच्या पाठीला लागत होते. हे सगळं वीरेशला दिसलं होतं. पण डोळे काय, डोळ्यांची कुठं नोंद असते?

एसटीत पाच वर्षांच्या आतलं मूल फुकट जातं आणि बाराच्या आतल्याला अर्धं तिकीट लागतं, हे अख्ख्या जिल्ह्यातल्या आयांना पाठ आहे. थोरल्याला एकदा अकरावर आणून बसवलं की मधलीला आणि धाकट्याला त्या हिशोबानं खाली सरकावंच लागतं. हे फक्त वीरेशला माहीत नव्हतं.

त्यानं कात्रण पुढं ठेवून तीन पुस्तकं घेतली. साडेचार वर्षांच्या गुंडूला प्राण्यांच्या चित्रांचं, जाड पुठ्ठ्याचं. (दुकानदार म्हणाला, चावलं तरी काही होत नाही.) आठ वर्षांच्या शांभवीला राजकन्येची गोष्ट. आणि अकरा वर्षांच्या संगमेशला चांगल्या सवयींचं सचित्र पुस्तक. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर त्यानं वळणदार अक्षरात नाव, वय आणि 'काकांकडून सप्रेम' असं शाईनं लिहिलं. शाई त्यानं मुद्दाम पक्की वापरली.

मे महिन्यात शांतव्वा आली. आण्णांच्या सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, सगळे जमले. संगमेश दारातून आत आला तेव्हा त्याला वाकावं लागलं. तालमीतले खांदे, ओठावर मिशी. वीरेशनं मिशीकडं पाहिलं, डायरीकडं पाहिलं, आणि काही मुलांना लवकर येते अशी मनाची समजूत घातली.

आण्णांनी चष्मा लावून पहिलं पुस्तक उघडलं आणि मोठ्यानं वाचलं. "चिरंजीव संगमेश. वय वर्षे अकरा." त्यांनी चष्म्यावरून नातवाकडं बघितलं. "ह्यो?"

"ऑन रेकॉर्ड अकराच आहे, आण्णा."

"कुणाच्या रेकॉर्डला?"

"कंडक्टरच्या."

स्वयंपाकघरात काहीतरी पितळेचं पडलं. शांतव्वा आतच थांबली.

"शांते, भाईर ये," आण्णा म्हणाले. "ह्या पोराचं खरं वय किती?"

"कशासाठी पायजे त्येच्यावर हाय की, आण्णा," शांतव्वा पदर सावरत म्हणाली. "जल्माचं सोळा. शाळंत मास्तरांनी एक जून लावून चौदा केलंय, पुढं नोकरीला बरं पडतंय म्हणून. आन् तालमीत बारीक गटात खेळतोय, तितं तेरा."

"आन् एसटीत अकरा. एकाच पोराला कितींदा जल्म दिलास गं?"

उत्तर दिलं ते गुंडूनं. "मी आठ वर्साचा हाय. तिसरीत गेलो. पर गाडीत न्हाय."

वीरेशला जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं असं वाटलं. कपाट गेलं, अब्रू गेली, आणि मेहुणीची चोरी बापापुढं उघडी पाडली ती वेगळीच. वर्षाराणी त्याच्याकडं अशी बघत होती की रात्रीच्या भाकरीची आशाच सोडावी. आण्णा उठून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत.

ते आले तेव्हा सोप्यात वेगळंच चाललं होतं. गुंडूनं चांगल्या सवयींचं पुस्तक हातात घेतलं होतं आणि तो एकेक सवय खणखणीत वाचून थोरल्या भावाची तपासणी करत होता. "कानामागं साबण लावावा. दाव." संगमेशनं मान वाकवली. "न्हाय लावलास." स्वतः संगमेश पुठ्ठ्याचं पुस्तक मांडीवर घेऊन बसला होता. त्यातलं हत्तीचं पिल्लू आईच्या शेपटीला धरून चाललं होतं, आणि ते पान तो चौथ्यांदा उलटून बघत होता. तेरा वर्षांची शांभवी पेन्सिल घेऊन राजकन्येची गोष्ट दुरुस्त करत होती. "ही सात वर्सं बुरुजावर बसून राजपुत्राची वाट बगत्या, काका. खाली जिना काढलाय चित्रात. उतरायचं की."

आण्णा दारात उभे राहून पाहत होते. मग ते संगमेशच्या शेजारी बसले, हत्तीचं पान त्यांनीही बघितलं, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा जावयाचं कौतुक केलं.

"पुस्तकं झक्कास निवडलासा, जावयबापू. कपाट तुमचं."

वीरेशच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. एवढ्यावर तो गप्प बसला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती आणि त्याचं चांगलंच झालं असतं. पण कौतुकाची सवय नसलेल्या माणसाला ते पचत नाही. तो उठून उभा राहिला.

"आण्णा, माझी एकच अट आहे. बालविभागाच्या रजिस्टरात प्रत्येकाची खरी जन्मतारीख लागेल. वयात लबाडी केली की माणूस आयुष्यभर चुकीचं पुस्तक वाचत राहतो."

शांतव्वानं मान खाली घातली. आण्णांना हे मनापासून पटलं. त्यांनी फडताळातून वाचनालयाची दोन कोरी रजिस्टरं काढली, एक थोरांचं आणि एक बालविभागाचं. मुलांची नावं खऱ्या तारखांनिशी स्वतः लिहिली आणि मग थोरांचं रजिस्टर जावयापुढं सरकवलं.

"ह्या वहीतला पैला सभासद तुमी. ल्ह्या."

वीरेशनं पेन उघडलं. नाव लिहिलं, पत्ता लिहिला आणि त्याच वळणदार अक्षरात जन्मतारीख लिहिली: चौदा मार्च एकोणीसशे छप्पन्न. सर्व्हिस बुकात होती तश्शी. चौसष्ट गुळाच्या हंगामांचा हिशोब तोंडी ठेवणाऱ्या आण्णांनी ती वाचली. त्यांचे ओठ हलले.

"छप्पन्न. म्हंजे लगनात तीस." त्यांनी चष्मा काढला. "आमास्नी सव्वीस सांगिटलं हुतं."

शांतव्वानं मान हळूच वर केली.

"ते मी नव्हतं सांगितलं," वीरेश म्हणाला. "आई म्हणाली होती."

"व्हय. ह्या पोरांचं वय बी आईच सांगत्या," आण्णा म्हणाले.

त्यांनी थोरांच्या रजिस्टरातलं वीरेशचं नाव एका रेघेत खोडलं आणि बालविभागाचं रजिस्टर पुढं ओढलं. दुसऱ्या दिवशी वीरेशला त्याचं कार्ड मिळालं. बालविभाग, सभासद क्रमांक चार, गुंडूच्या खालोखाल. त्यावर एका वेळी एकच पुस्तक मिळतं, आणि तेही पालकांच्या सहीनं. सही वर्षाराणी करते, पण आधी मागून घ्यावी लागते.